मित्राच्या शब्दाखातर

प्रत्येक वाचकाची एक ठरलेली वाट असते. कोणी केवळ चरित्रे वाचतो, कोणी रहस्यकथा. ती वाट सोडावयास कधी कधी मित्राचा एक शब्द पुरेसा होतो.

म्हैसूरचे आर. के. नारायण यांची पहिली कादंबरी विलायतेतील प्रकाशकांकडून वारंवार परत आली. खिन्न होऊन त्यांनी ऑक्सफर्डला शिकत असलेल्या पूर्णा या मित्रास कळविले, की हस्तलिखितास दगड बांधून ते थेम्स नदीत बुडवावे. पूर्णांनी ते ग्रॅहॅम ग्रीन यांच्या हाती दिले. ग्रीन यांचा लौकिक १९३२ च्या 'स्टॅम्बूल ट्रेन' या थरारक कादंबरीमुळे झालेला. दक्षिण भारतातील शाळकरी मुलाची कथा हा त्यांचा प्रांत नव्हे. तरीही त्यांनी ती वाचली आणि त्यांच्या शिफारशीने १९३५ साली 'स्वामी अँड फ्रेंड्स' प्रसिद्ध झाली. मालगुडी हे काल्पनिक गाव पुढे जगाच्या परिचयाचे झाले. म्हैसूरच्या यादवगिरीतील नारायण यांच्या घराचे २०१६ साली संग्रहालय झाले.

मित्राने सुचविलेले पुस्तक आपल्या आवडीच्या प्रकारातील नसले, तरी त्याची पहिली पन्नास पाने अवश्य वाचावीत. न रुचल्यास एक संध्याकाळ खर्ची पडेल. रुचल्यास एक नवे गाव आपले होईल.