थांबायला विसरलेला संकेत : बीसीआर-एबीएल आणि इमॅटिनिब

पेशीला मिळणारा निरोप

शरीरातील निरोगी पेशी स्वतःच्या मर्जीने विभाजित होत नाही. वाढीला चालना देणारे घटक बाहेरून येतात, पेशीपटलावरील ग्राहक प्रथिनांना चिकटतात आणि तेथून आतील प्रथिनांची एक साखळी कार्यरत होते. साखळीचे शेवटचे टोक केंद्रकातील ठरावीक जनुके सुरू करते. या साखळीतील घटकांना संकेतवाही प्रथिने म्हणतात. निरोप पोचवणे हे त्यांचे अर्धे काम. तो पोचल्यावर थांबणे हे उरलेले अर्धे. कर्करोग समजून घेताना हे दुसरे अर्धे अधिक महत्त्वाचे ठरते.

फॉस्फेटची देवघेव

बहुतेक संकेत फॉस्फेट या छोट्या रासायनिक गटाच्या आधारे पुढे सरकतात. एटीपी या ऊर्जावाही रेणूवरील फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनावर बसवणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात, तर ते उतरवणाऱ्यांना फॉस्फटेज. फॉस्फेट बसले की प्रथिनाची घडण किंचित बदलते आणि ते कामाला लागते. उतरले की ते पूर्वस्थितीला येते. या दुहेरी प्रक्रियेच्या शोधासाठी एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मानवी पेशींत सुमारे ५०० प्रकारची कायनेज आहेत. त्यांतील सुमारे ९० टायरोसीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवतात. कॅलिफोर्नियातील सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर यांना टायरोसीनवरील फॉस्फेट १९७९ साली आढळले. पेशीतील एकूण फॉस्फेटयुक्त अमिनो आम्लांत त्याचा वाटा एक टक्क्याहून कितीतरी कमी असल्याने तोवर ते नजरेतून सुटले होते. वाढीचे अनेक निर्णय मात्र याच अल्प वाट्यावर अवलंबून असतात.

फिलाडेल्फियातील लहान गुणसूत्र

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल) हा रक्ताचा कर्करोग या विषयाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. यात अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि प्लीहा फुगते. पूर्वी साधारण तीन ते पाच वर्षांत आजार तीव्र अवस्थेत जाऊन रुग्ण दगावत असे. १९६० साली पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना अशा रुग्णांच्या रक्तपेशींत एक अस्वाभाविक लहान गुणसूत्र दिसले. ज्या शहरात ते सापडले त्यावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणू लागले. ते लहान का, याचे उत्तर १९७३ साली शिकागोत जॅनेट राउली यांनी दिले : ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांच्या टोकांची अदलाबदल झाली होती. पुढील दशकात या अदलाबदलीचा परिणामही उलगडला. ९ व्या गुणसूत्रावरील एबीएल हे जनुक २२ व्यावरील बीसीआर जनुकाला जोडले जाऊन त्यांतून बीसीआर-एबीएल हे एक नवेच संयुक्त प्रथिन तयार होत होते. हे संयुक्त जनुक उंदरांच्या मज्जापेशींत घातल्यास त्यांना सीएमएलसारखाच आजार होतो, हे १९९० मध्ये दिसून आले. एवढा थेट कार्यकारणसंबंध कर्करोगशास्त्रात फार थोड्या ठिकाणी मिळतो.

बंधन कसे सुटते

एबीएल हे मुळात टायरोसीन कायनेजच आहे, पण निरोगी पेशीत ते बहुतांश वेळ निष्क्रिय असते. त्याच्या आरंभीच्या टोकाला एक मेदाम्ल जोडलेले असते. ते प्रथिनाच्याच एका खोबणीत शिरते आणि संपूर्ण रचना मिटून ठेवते. बीसीआर जोडले जाताना हे टोक गळून पडते. शिवाय बीसीआरच्या भागामुळे असे अनेक रेणू एकमेकांना चिकटतात आणि परस्परांवर फॉस्फेट बसवून एकमेकांना जागते ठेवतात. बंधन गेले आणि चालना वाढली, असे दोन्ही बदल एकाच जोडणीत घडतात. त्यानंतर बाहेरून निरोप येण्याची गरज उरत नाही.

एका प्रथिनातून फुटणाऱ्या वाटा

सतत कार्यरत असलेले बीसीआर-एबीएल एकाच वेळी अनेक मार्गांना चालना देते. आरएएस मार्गामुळे विभाजन वाढते. पीआय३के-एकेटी मार्गामुळे पेशीचा नैसर्गिक मृत्यू टळतो. स्टॅट५ हे प्रथिन थेट केंद्रकात जाऊन जगण्यास मदत करणारी जनुके सुरू करते. हे सर्व मार्ग निरोगी पेशीतही असतात आणि आवश्यक असतात. कर्करोगाने एकही नवा मार्ग बांधलेला नसतो.

इमॅटिनिबचे कार्य

इमॅटिनिब येण्यापूर्वी कायनेजमधील एटीपी बसण्याची जागा अडवणारे औषध शोधणे अनेकांना निरर्थक वाटे. शेकडो कायनेजमध्ये ही जागा जवळपास सारखीच असल्याने असे औषध सर्वांनाच रोखेल, ही शंका रास्त होती. तरीही स्वित्झर्लंडमधील सिबा-गायगी (नंतरची नोव्हार्टिस) कंपनीत निकोलस लायडन, रसायनतज्ज्ञ युर्ग झिमरमान आणि सहकाऱ्यांनी असे रेणू घडवले. अमेरिकेतील ऑरेगनचे डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी त्यांतील एक रेणू सीएमएलच्या पेशींवर उपयुक्त असल्याचे दाखवले. तोच इमॅटिनिब.

हे औषध इतके नेमके का, हे २००० साली जॉन कुरियन यांच्या गटाने केलेल्या त्रिमितीय रचनेच्या अभ्यासातून कळले. कार्यरत स्थितीत कायनेज एकमेकांसारखी दिसतात, पण निष्क्रिय स्थितीत त्यांच्यात फरक असतो. इमॅटिनिब एबीएलच्या निष्क्रिय रूपालाच पकडते. अडकित्त्याच्या पात्यांमध्ये खुंटी बसावी तसे ते दोन खंडांमधील खाचेत बसते आणि प्रथिनाला कार्यरत रूप घेऊ देत नाही.

रुग्णांवरील चाचण्या १९९८ मध्ये सुरू झाल्या. पहिल्या टप्प्यात दररोज ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा घेणाऱ्या ५४ पैकी ५३ रुग्णांच्या रक्तपेशींची संख्या पूर्ववत झाली. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. पुढे मोठ्या चाचणीत इमॅटिनिबने उपचार सुरू केलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते. अस्थिमज्जा प्रत्यारोपण किंवा इंटरफेरॉन हेच प्रमुख पर्याय असलेल्या आजारात रोजची एक गोळी इतके साधते, हे विलक्षण आहे.

नेमकेपणाची दुसरी बाजू

इमॅटिनिब केवळ एबीएलला रोखत नाही. केआयटी हे ग्राहक प्रथिनही त्याच्या कक्षेत येते. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींना केआयटीची गरज असल्याने काही रुग्णांची त्वचा फिकट होते. सावळ्या त्वचेवर हे लगेच जाणवते. पण बिघडलेल्या केआयटीमुळे पचनमार्गात होणाऱ्या जीआयएसटी या गाठींवर हेच औषध उपयोगी पडते. दुष्परिणाम आणि नवा उपयोग यांचे मूळ येथे एकच आहे.

प्रतिरोध

काही रुग्णांत औषध कालांतराने निष्प्रभ होते. कारण बहुधा बीसीआर-एबीएलमध्येच असते. सर्वाधिक गाजलेल्या उत्परिवर्तनात ३१५ व्या स्थानावरील थ्रिओनीनऐवजी आयसोल्युसीन येते. एका अमिनो आम्लाच्या बदलाने औषधाला खाचेत जागा उरत नाही, एटीपीला मात्र पुरते. डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब ही पुढील औषधे या बदलापुढे हरली. पोनॅटिनिब त्यावर चालते. २०२१ मध्ये मान्यता मिळालेले अॅसिमिनिब तर एटीपीच्या खाचेकडे जातच नाही. मेदाम्लाची जी खोबणी जोडणीनंतर रिकामी राहिली होती, तीत ते शिरते आणि हरवलेले बंधन पुन्हा घालते.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. सीएमएलच्या सुप्त मूलपेशी बीसीआर-एबीएल रोखले तरी जगतात, कारण जगण्यासाठी त्या त्यावर विसंबून नसतात. म्हणून गोळी बहुधा दीर्घकाळ घ्यावी लागते. फ्रान्समधील एका अभ्यासात किमान दोन वर्षे आजाराचा रेणवीय मागमूस नसलेल्या रुग्णांचे औषध थांबवले, तेव्हा सुमारे ४० टक्के रुग्णांत आजार परतला नाही. इतरांत तो परतला, पण औषध पुन्हा सुरू केल्यावर आटोक्यात आला.

एकच बिघाड, दोन निकाल

सीएमएलचे यश इतर कर्करोगांना जसेच्या तसे लागू होत नाही. बीआरएएफ या कायनेजमधील एकच उत्परिवर्तन मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात जवळपास निम्म्या रुग्णांत आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सुमारे दहा टक्के रुग्णांत आढळते. वेमुराफेनिब हे बीआरएएफरोधक मेलॅनोमाच्या गाठी लक्षणीय आक्रसवते, आतड्याच्या कर्करोगात मात्र फारसे चालत नाही. आतड्याच्या पेशींवर ईजीएफआर हे ग्राहक प्रथिन भरपूर असते आणि बीआरएएफचा मार्ग त्याला दाबून ठेवत असतो. औषधाने तो मार्ग रोखताच ईजीएफआरवरील दाब उठतो आणि तेच संकेत दुसऱ्या दाराने पुन्हा सुरू होतात. मेलॅनोमाच्या पेशींत ईजीएफआर अत्यल्प असल्याने ही पळवाट नसते. हे कळल्यावर आतड्याच्या कर्करोगात दोन्ही प्रथिने एकत्र रोखणारा उपचार आला. कोणते प्रथिन बिघडले आहे एवढे कळून भागत नाही. त्या ऊतीत त्याच्या शेजारी काय आहे, हेही पाहावे लागते.

भारतातील स्थिती

भारतात सीएमएल पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी वयात, अनेकदा कमावत्या वयातच आढळतो. त्यामुळे वर्षानुवर्षे घ्यायच्या गोळीची किंमत हा उपचाराचाच भाग ठरतो. नोव्हार्टिस ग्लिव्हेक या नावाने विकत असलेल्या इमॅटिनिबचा खर्च दरमहा सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक इमॅटिनिबचा ८ ते १० हजार रुपये असल्याचे पेटंटच्या वादाच्या काळात नोंदवले गेले. औषधाच्या स्फटिकरूपावर कंपनीने मागितलेले पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने उपचारात्मक परिणामकारकता वाढल्याचे दाखवले पाहिजे, हा पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) चा अर्थ न्यायालयाने ग्राह्य धरला. जेनेरिक गोळी त्यामुळे पुष्कळांच्या आवाक्यात राहिली. रक्तातील बीसीआर-एबीएलचे प्रमाण मोजणारी रेणवीय चाचणी मात्र ठरावीक अंतराने करावी लागते आणि गावाकडच्या रुग्णाला त्यासाठी मोठ्या शहरातील केंद्रावर अवलंबून राहावे लागते. मात्रा चुकत गेल्या तर हे प्रमाण वाढू लागते. रुग्णाला काही जाणवण्याआधी ते या चाचणीतच दिसते.