एस्किलस्टुनाचा वस्तरा

जुना वस्तरा हाती आला की जाणकार आधी दांड्यावरची अक्षरे वाचतो. तिथे ‘एस्किलस्टुना’ हे गावाचे नाव निघाले की त्याचा हात जपून चालू लागतो. पाते काळवंडलेले असो, मुठीला तडा गेलेला असो, आतले पोलाद बहुधा अजून शाबूत असते.

एस्किलस्टुना हे स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या पश्चिमेला, नदीकाठी वसलेले लोहारांचे शहर. १६५०च्या दशकात राजा दहावा कार्ल गुस्ताव याने रीगाच्या राइनहोल्ड राडेमाखर या कारखानदाराला इथे आणले. त्याच्यासाठी २० लोहारशाळा बांधल्या गेल्या. त्यांतल्या सहा आजही उभ्या आहेत. १७७१मध्ये इथे ‘मुक्त नगरी’ स्थापन झाली आणि कारागिरांना व्यवसायसंघांच्या जाचाबाहेर राहून धंदा करता येऊ लागला. चाकू, कात्र्या, कुलपे घडवणाऱ्या या वस्तीतूनच पुढे हेल्येस्ट्रांड, एंगस्ट्रम, डालग्रेन ही वस्तऱ्यांची नामांकित घराणी उभी राहिली. शार्क माशाची मुद्रा असलेले बेर्गचे वस्तरेही इथलेच.

या वस्तऱ्यांचा मोठेपणा कळायला खाणीपर्यंत जावे लागते. लोखंडात फॉस्फरस जास्त असला तर ते थंड असताना ठिसूळ होते. गंधक असले तर तापवून ठोकताना फाटते. उप्पलांद प्रांतातल्या डान्नेमोरा खाणीच्या खनिजात ही दोन्ही अगदी अल्प होती. ते वितळवायला जंगलातला लाकडी कोळसा वापरत, त्यामुळे दगडी कोळशातले गंधकही त्यात शिरत नसे. म्हणूनच इंग्लंडमधले शेफील्डचे पोलादकार हे स्वीडिश लोखंड जादा पैसे मोजून नेत. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कारखानदारांनीही आपल्या कित्येक वस्तऱ्यांवर ‘स्वीडिश पोलाद’ ही अक्षरे अभिमानाने कोरली. काय आहे यापेक्षा काय नाही, यावर त्या पोलादाची पत ठरत होती.

संग्राहकांचा विशेष जीव जडतो तो चौकटपाठी वस्तऱ्यावर. नेहमीच्या वस्तऱ्यात पाठ आणि धार एकाच तुकड्यातून घडवलेली असते. यात पातळ, कडक पाते धातूच्या जाड पाठीत खोचलेले असते. महाग पोलाद थोडे लागते आणि काही नमुन्यांत तर पाते काढून दुसरे बसवता येते. एंगस्ट्रमचे असे वस्तरे आजही शोधून शोधून घेतले जातात.

दुरुस्ती सुरू होते ती नजरेने. पात्याच्या पोटावरचा गंज पॉलिशकागदाने उतरतो, पण गंजाचा खड्डा नेमका धारेवर असेल तर तेवढी धार झिजवावी लागते. सेल्युलॉइडच्या मुठी जुन्या झाल्या की कुजतात आणि त्यांतून सुटणारी आम्लाची वाफ पाते खाते. अशी मूठ लगेच वेगळी करायची. शिंगाची मूठ मात्र तेल देऊन टिकवता येते. सगळ्यांत मोठा धोका फिरत्या चाकाचा. घासताना पाते तापून निळसर झाले की पोलादाला दिलेले पाणी उतरले, आणि मग ती धार टिकत नाही. म्हणून जपणारा माणूस हातानेच घासतो.

मग निसणा. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून पाते सरकवायचे, धार पुढे ठेवून. धारेचा कोन पाठीची जाडीच ठरवते. वर्षानुवर्षे धार झिजते तशी पाठही झिजते, म्हणून कोन फारसा ढळत नाही. ही योजना इतकी साधी आणि अचूक आहे की पहिल्यांदा ध्यानात आल्यावर मी पाते खाली ठेवून नुसता पाहत राहिलो. १०००च्या भरड दगडापासून ८०००, १२०००च्या बारीक दगडापर्यंत जायचे आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, या वेळी पाठ पुढे ठेवून, पाते फिरवायचे. उगाच पाठ चकचकीत करायला गेलात तर कोन बिघडतो.

आपल्याकडे न्हाव्याच्या धोकटीतला धार लावायचा वस्तरा बहुतेक ठिकाणी गेला. त्याच्या जागी अर्धे ब्लेड खोचायचा वस्तरा आला. एका रक्ताचा संसर्ग दुसऱ्याला होऊ नये यासाठी तो बदल योग्यच होता. पात्याला वेगळी पाठ देण्याची कल्पना मात्र एस्किलस्टुनाच्या कारागिरांनी कितीतरी आधी अमलात आणली होती. फरक एवढाच, की त्यांचे पाते टाकून द्यायचे नव्हते. पुन्हा पाजळायचे होते.

निसण्यावरून उतरलेले पोलाद परत चढवता येत नाही. म्हणून दुरुस्त करणाऱ्याची खरी परीक्षा त्याने किती घासले याची नसते, तर कुठे थांबला याची असते. दांड्यावरची अक्षरे पुसट होण्याआधी ज्याचा हात थांबला, त्याच्याकडून तो वस्तरा पुढच्या माणसाला नावागावासकट मिळतो.