मूळ चित्र ठेवायचं कुठे?

अमरावतीच्या राजापेठेत लग्नाच्या शूटिंगचा भाव काढायला गेलं, की कोटेशनमध्ये 'फोर-के' असतं, 'सिनेमॅटिक' असतं, ड्रोन तर असतोच. काढलेलं मूळ फुटेज स्टुडिओ किती दिवस सांभाळणार, हे मात्र त्या कागदावर सहसा नसतं आणि गिऱ्हाईकही ते विचारत नाही. आता या यादीत आणखी एका वस्तूची भर पडू लागली आहे: कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा रेकॉर्डर. मांडवातल्या पाहुण्यांना तो नुसता पाच-सात इंची पडदा वाटतो. पण त्याच्या पाठीत एसएसडी खोचलेली असते आणि कॅमेऱ्याच्या एचडीएमआय पोर्टमधून बाहेर पडणारं चित्र आतल्या कार्डाला वळसा घालून थेट तिच्यावर उतरतं. 'अनकॉम्प्रेस्ड', म्हणजे काहीही न दाबता, न गाळता आलेलं चित्र, हा या वस्तूचा विक्रीमंत्र. हा डबा कामाचा आहे, यात मला शंका नाही. पण ज्या शब्दावर तो विकला जातो, त्या शब्दासाठी तो घेऊ नये. अनकॉम्प्रेस्डचा हट्ट धरला तर मूळ चित्र टिकण्याऐवजी लवकर पुसलं जातं.

आधी हिशेब मांडू. साध्या एचडी चित्राच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचा उजेड पूर्ण आणि रंग निम्मा नोंदवला, दोन्ही १० बिटांत, तर बिंदूमागे सरासरी २० बिट लागतात. सेकंदाला २५ चौकटी धरल्या की सेकंदाचे सुमारे १३० मेगाबाइट आणि तासाचे जवळपास ४६६ गिगाबाइट होतात. फोर-केला याची चौपट. तासाला पावणेदोन टेराबाइटच्याही वर. हळदीपासून बिदाईपर्यंत सहा तास कॅमेरा चालला तर ११ टेराबाइट, तेही एकाच कॅमेऱ्याचे. उलट कॅमेऱ्यातल्या कार्डावर तेच फोर-के चित्र सेकंदाला १०० मेगाबिटच्या वेगाने लिहिलं, तर तासाला ४५ गिगाबाइटमध्ये भागतं. म्हणजे चाळीस भागांतला एक भाग ठेवून बाकीचं गाळलेलं असतं. ही काटकसर तीन ठिकाणी होते. रंगाची नोंद प्रत्येक बिंदूची न ठेवता चार बिंदूंत मिळून एक ठेवतात. उजेडाच्या १०२४ पायऱ्यांऐवजी २५६ वर काम उरकतात. आणि पूर्ण चौकट अधूनमधूनच लिहून मधल्या चौकटींचा फक्त फरक टिपतात.

गाळण्याचा हा त्रास मोठ्या पडद्यावर फार आधी जाणवला. सोनीच्या एचडीडब्ल्यू-एफ९०० या सुरुवातीच्या डिजिटल सिनेकॅमेऱ्यात एचडीकॅम टेप होती. ती १९२० उभ्या ओळींच्या १४४० करून लिहायची, रंग त्याहूनही कमी ठेवायची, आणि त्या कॅमेऱ्यातली कॅसेट तासभरही चालायची नाही. अलेक्झांडर सोकुरोव्ह यांना 'रशियन आर्क' हा अख्खा चित्रपट हर्मिटाज संग्रहालयात एकाच सलग शॉटमध्ये घ्यायचा होता. २३ डिसेंबर २००१ रोजी तो घेतला गेला, तेव्हा चित्र टेपवर न जाता कॅमेऱ्याबरोबर वागवलेल्या हार्ड डिस्कच्या यंत्रणेवर, न दाबता, उतरलं. त्या यंत्रणेची झेप होती सुमारे १०० मिनिटांची. पुढे डेव्हिड फिंचर यांनी 'झोडिॲक' (२००७) थॉमसनच्या वायपर कॅमेऱ्यावर घेतला. त्याचं बहुतेक चित्रण एस-टू कंपनीच्या रेकॉर्डरमधल्या काढत्या-घालत्या डिस्कवर झालं, फिल्मही नाही आणि टेपही नाही. त्या डिस्क महाग आणि मोजक्या होत्या. म्हणून भरलेली डिस्क उतरवून घ्यायची, डेटा दुसरीकडे नोंदवायचा आणि डिस्क पुसून पुन्हा सेटवर पाठवायची, असा क्रम होता. टेपचा भरवसा तर मार्च २०११ मध्ये आणखी एका कारणाने डळमळला. जपानातल्या त्सुनामीत सोनीचा मियागी प्रांतातला टेप-कारखाना बंद पडला, एचडीकॅम एसआर टेपांची जगभर टंचाई झाली आणि जे निर्माते फायलींवर जायला कचरत होते ते नाइलाजाने गेले.

आपल्याकडचं सर्वांत बोलकं उदाहरण मुंबईतलं आहे. डॅनी बॉयल यांच्या 'स्लमडॉग मिलियनेर'चं (२००८) बरंच चित्रण वस्त्यांमधल्या बोळांत झालं. मोठा फिल्म कॅमेरा तिथे नेला की गर्दी जमायची. म्हणून छायालेखक अँथनी डॉड मँटल यांनी सिलिकॉन इमेजिंगचा एसआय-टूके हा कॅमेरा घेतला. त्याचं लेन्सचं डोकं वेगळं करून हातात धरता येत असे, आणि नोंदणीचं यंत्र, म्हणजे एक लॅपटॉप, पाठीवरच्या पिशवीत. वायरीने जोडलेला असा हा सुटा रेकॉर्डर घेऊन माणूस मुलांच्या मागे पळू शकला. २००९ मध्ये या चित्रपटाला छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं. प्रामुख्याने डिजिटल पद्धतीने घेतलेल्या चित्रपटाला ते पहिल्यांदाच मिळत होतं. गंमत अशी, की पिशवीतला तो लॅपटॉप अनकॉम्प्रेस्ड लिहीत नव्हता. सिनेफॉर्म रॉ नावाच्या पद्धतीने चित्र बेताने दाबलं जात होतं. प्रत्येक चौकट स्वतंत्र, रंग-उजेडाच्या पायऱ्या शाबूत. ते पुढे फिल्मवर छापलं गेलं, जगभर थिएटरांत लागलं आणि डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या मतदारांनीही त्याला पसंती दिली. याच काळात 'ॲरी' कंपनीने २०१० साली अलेक्सा कॅमेरा आणला. त्यात प्रोरेस नावाची अशीच बेताने दाबलेली फाइल थेट कार्डावर लिहायची सोय होती, आणि मोठमोठ्या निर्मात्यांनी ती बिनतक्रार स्वीकारली.

तरीही सुटा रेकॉर्डर संपला नाही; उलट स्वस्त होऊन खाली उतरला. ब्लॅकमॅजिकचा हायपरडेक शटल २०११ मध्ये ३४५ डॉलरला आला आणि अनकॉम्प्रेस्ड चित्र साध्या एसएसडीवर लिहू लागला. ॲटमॉसचा निंजा त्याच सुमाराचा. निकॉनच्या डी८०० ने २०१२ मध्ये एचडीएमआयमधून स्वच्छ चित्र बाहेर दिलं, आणि सोनीचा ए-सेव्हन-एस (२०१४) तर फोर-के स्वतःच्या कार्डावर लिहूच शकत नव्हता, त्याला बाहेरचा डबा लागायचाच. यात तंत्राइतकाच कायद्याचाही हात आहे. दाबलेलं रॉ (म्हणजे सेन्सरवरून आलेलं कच्चं) चित्र कॅमेऱ्याच्या आतच नोंदवण्यावर अमेरिकेतल्या रेड कंपनीचं पेटंट होतं. ॲपलनेही २०१९ मध्ये त्याला आव्हान देऊन पाहिलं, पण ते आव्हान टिकलं नाही. त्यामुळे अनेक कंपन्यांना रॉ चित्र वायरीने बाहेर काढणं सोयीचं पडलं. २०२४ मध्ये निकॉनने रेडच विकत घेतली.

मग वऱ्हाडातल्या माणसाला या डब्याचा नेमका उपयोग काय? तो दिवसाउजेडी मांडवात फारसा कळत नाही. रात्री कळतो. दंडार या लोकनाट्याचा खेळ घ्या. दोन-चार दिवे, मध्ये उडणारी धूळ, नाचणाऱ्यांच्या भराभर फिरणाऱ्या टिपऱ्या आणि मागे काळोख. कार्डावर दाबून लिहिणारा कॅमेरा नेमका इथे अडखळतो. धुळीचा प्रत्येक कण दर चौकटीत जागा बदलतो, त्यामुळे 'मागच्या चौकटीपेक्षा फरक एवढाच' ही युक्ती चालत नाही. ठरलेल्या बिटांत सगळं मावेना, की तो आधी काळोखातला तपशील सोडून देतो. अंधाराची चौकोनी ठिगळं दिसू लागतात, सावळ्या चेहऱ्याची सावलीकडची बाजू सपाट होते. नंतर संगणकावर चित्र उजळायला गेलं की चेहरा उजळत नाही, ठिगळं उजळतात. त्याच खेळाचं १० बिटी, चौकटीगणिक स्वतंत्र लिहिलेलं चित्र उजळलं तर अंधारातून माणूस वर येतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की शेवटी पाहायचं व्हॉट्सॲपवर आणि यूट्यूबवर, तिथे पुन्हा दाबलं जाणारच. दाबलं जातं, खरं आहे. पण एकदा गाळलेलं पुन्हा गाळताना आधीची ठिगळंही तपशील म्हणून मोजली जातात आणि अपुऱ्या बिटांतला वाटा खातात. शिवाय आजचा पडदा हा काही कायमचा मापदंड नाही. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' १९७६ साली पाच लाख शेतकऱ्यांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून उभा राहिला. त्याच्या मूळ निगेटिव्हवरून फिल्म हेरिटेज फाउंडेशनने फोर-के प्रत तयार केली आणि २०२४ मध्ये ती कान महोत्सवात दाखवली गेली. १९७६ च्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये पोचलेल्या प्रतीत जेवढं दिसत होतं, त्याहून बरंच त्या निगेटिव्हमध्ये होतं, म्हणून स्मिता पाटील आज त्या तपशिलासह दिसतात. निगेटिव्ह फेकून थिएटरची प्रतच ठेवली असती, तर हे जमलं नसतं.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा, जास्त गंभीर. मूळ इतकं मोलाचं असेल तर मग पूर्ण अनकॉम्प्रेस्डच का नको? त्यातला एक बिट बिघडला तर एक बिंदू बिघडतो. दाबलेल्या फायलीत बिघाड पसरतो. मुद्दा बरोबर आहे, पण चौकटी स्वतंत्र लिहिल्या की तो पसारा सहसा एका चौकटीपुरताच राहतो. आणि काहीही न गमावता दाबण्याच्या पद्धतीही आहेत. एफएफव्ही१ ही त्यातली एक, अभिलेखागारं ती वापरतात. खरी अडचण आकारमानाची आहे. ११ टेराबाइटची दुसरी प्रत कोणताही छोटा स्टुडिओ काढणार नाही. एकुलती एक प्रत राहील, आणि पुढच्या मुहूर्ताला जागा लागली की तीही पुसली जाईल. प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये एचडीचा तास ८३ गिगाबाइटच्या आसपास बसतो, म्हणजे सहा तासांचे ५०० गिगाबाइट. एवढ्याच्या दोन प्रती दोन साध्या हार्ड डिस्कवर मावतात, एक स्टुडिओत, एक घरी. फोर-केला हाच आकडा दोन टेराबाइटवर जातो; तोही आवाक्याबाहेरचा नाही.

डब्याच्या अडचणी वेगळ्याच आहेत आणि दुकानात कुणी त्या सांगत नाही. एचडीएमआयच्या पिनेला कुलूप नसतं. मांडवात कुणाचा कोपर वायरीला लागला की नोंद थांबते, आणि सप्तपदी दुसऱ्यांदा होत नाही. पीळ देऊन घट्ट बसणारी एसडीआयची पिन छोट्या कॅमेऱ्यांत नसते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि लग्नसराईही तेव्हाच. त्या उकाड्यात डब्याचा पंखा सतत फिरतो, जवळचा माइक त्याची घरघर टिपतो. वायर निसटली तरी नोंद राहावी म्हणून कॅमेऱ्यातलं कार्डही सोबत चालू ठेवावं, हे उत्तम.

लग्नाचं सहा तासांचं मूळ कोण बघतो, असं कुणी म्हणेल. गाडगेबाबांनी १९५६ मध्ये, निधनाच्या काही आठवडे आधी, वांद्र्याला पोलिसांसमोर कीर्तन केलं. ते टेपवर घेतलं गेलं म्हणून तो आवाज आज ऐकता येतो. कोणती नोंद पुढे मोलाची ठरेल, हे नोंद करताना ठरवता येत नाही. कायदाही इथे घरच्यांच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाराच असतो. पण ती मालकी हक्काची आहे; स्टुडिओने हार्ड डिस्क किती वर्षं ठेवावी, हे त्या कलमात नाही. ते कोटेशनवर लिहून घ्यावं लागतं: मूळ फायली कोणत्या पद्धतीच्या, प्रती किती, त्यातली एक घरी कधी मिळणार आणि तिचे पैसे किती.