एक गिरणी बंद पडली की किती चुली विझतात? कॉम्प्युटरमधला हाच हिशोब करणारी एक छोटी कमांड

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले जवळपास अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. फटका कुणाला बसला असं विचारलं, तर पहिलं उत्तर येतं, कामगारांना.

पण लालबाग-परळच्या चाळींमध्ये खानावळ चालवणाऱ्या बायका होत्या. गावाहून एकट्या आलेल्या कामगारांना त्या दोन वेळचं जेवण द्यायच्या. कुठल्याच गिरणीच्या हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं. तरी कामगाराचा पगार थांबला की खानावळीचे पैसे थांबायचे, आणि खानावळीचे पैसे थांबले की वाण्याची उधारी तुंबायची.

गिरणीवर कामगार, कामगारावर खानावळ, खानावळीवर वाणी. सॉफ्टवेअरच्या जगात अशा अवलंबून असण्याला 'डिपेंडन्सी' म्हणतात. आणि ती शोधून काढणाऱ्या खास कमांड असतात.

तुमच्या ॲपमागे कोण कोण आहे?

कुठलाही मोठा प्रोग्राम एकसंध लिहिलेला नसतो. तो तुकड्यांचा बनतो. या तुकड्यांना म्हणायचं मॉड्यूल. बँकेच्या ॲपमध्ये लॉगिन वेगळं, शिल्लक दाखवणं वेगळं, ओटीपी वेगळा.

यातलं बरंचसं काम कंपनीचे लोक स्वतः लिहीत नाहीत. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या, बहुतेक वेळा फुकट मिळणाऱ्या लायब्ररी वापरतात. त्या लायब्ररी आणखी दुसऱ्या लायब्ररी वापरतात. म्हणजे प्रोग्रामरने निवडलेल्या मोजक्याच, पण त्यांचा हात धरून आत आलेल्या कितीतरी.

जेडेप्स नेमकं काय करतं?

जावा भाषेचं उदाहरण घेऊ. २०१४ मध्ये जावा ८ आली, तिच्यासोबत 'जेडेप्स' नावाची कमांड आली. हिला ना खिडकी, ना बटणं. काळ्या स्क्रीनवर कमांडचं नाव टाइप करायचं, पुढे तपासायच्या फाइलचं नाव द्यायचं आणि एंटर.

जावाच्या तयार फाइलमध्ये ती दुसऱ्या कुणाकुणाला हाक मारते, त्यांची नावं नोंदलेली असतात. जेडेप्स प्रोग्राम चालवत नाही, फक्त ही नावं वाचतं आणि ओळीने छापतं. समजा असं:

हिशोब → बँक
बँक → नोंदवही

आता 'हिशोब' लिहिणाऱ्याने 'नोंदवही'चं नावही घेतलेलं नाही. पण नोंदवही बिघडली तर हिशोबही बिघडणार. खानावळ आणि गिरणीचं होतं तसंच.

अशी यादी हाती आली की कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हेही ठरवता येतं. युनिक्समधली 'टीसॉर्ट' ही जुनी कमांड तेवढंच करते. पण कधी कधी 'लग्न होईना म्हणून वेड जाईना आणि वेड जाईना म्हणून लग्न होईना' अशी गत असते. हा त्याच्यावर अवलंबून, तो ह्याच्यावर. तिथे टीसॉर्ट सरळ सांगते की इथे चक्र आहे. ते सोडवायचं काम मात्र माणसाचं.

जेडेप्सलाही मर्यादा आहे. कुणाला हाक मारायची हे काही प्रोग्राम चालू असतानाच ठरवतात. ते नाव फाइलमध्ये आधी लिहिलेलंच नसतं, त्यामुळे यादीतही येत नाही.

यादी नसली तर काय होतं?

डिसेंबर २०२१ मध्ये जगाला हे कळलं. 'लॉगफोरजे' ही जावाची लायब्ररी. काम अगदी साधं, प्रोग्राममध्ये काय घडलं याची नोंद ठेवायची. तिच्यात अशी चूक सापडली की विशिष्ट मजकूर नोंदीत गेला, तर बाहेरचा माणूस तुमच्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. धोक्याला गुण मिळाले दहापैकी दहा.

दुरुस्त आवृत्ती लगेच आली. अडचण वेगळीच होती. 'आपण लॉगफोरजे वापरतो का?' याचं उत्तरच अनेक कंपन्यांकडे नव्हतं. त्यांनी ती कधी निवडली नव्हती, ती दुसऱ्या लायब्ररीच्या मागून आली होती. ज्यांच्याकडे यादी होती ते दुरुस्तीला लागले. बाकीचे आधी शोधत बसले.

आता तुम्ही म्हणाल, याचा माझ्याशी काय संबंध?

तुमचे पैसे शेअर बाजारात असतील, तर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीने सायबर सुरक्षेचे नवे नियम काढले. दलाल स्ट्रीटवरच्या बाजारापासून ब्रोकरपर्यंत, सेबीच्या देखरेखीखालच्या संस्थांसाठी. त्यात महत्त्वाच्या सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी ठेवायला सांगितलं आहे. तिला 'सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स' म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनेही अशा यादीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. एवढी यादी हाताने लिहिणं अशक्य, म्हणून ती अशी साधनंच तयार करतात.

आपल्या हातात एक गोष्ट आहे. ॲप अपडेट मागतं आणि उघडल्यावर नवीन काहीच दिसत नाही, तेव्हा आपण वैतागतो. पण बऱ्याचदा त्या अपडेटमध्ये मागच्या मागे असाच एखादा तुकडा बदललेला असतो. ते अपडेट पुढे ढकलू नका.