डिरेलर काढला म्हणजे सायकल सिंगल स्पीड झाली?

पावसाळा तोंडावर आला की एक सल्ला हमखास कानावर पडतो. "गिअरची सायकल चिखलात न्यायचीय? मग डिरेलर काढून टाक, चेन तोडून आखूड कर, झाली सिंगल स्पीड!" यामागची तक्रार खरी आहे. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर लोंबतो. त्याच्या दोन छोट्या चाकांत काळी माती बसते, गवत गुंडाळलं जातं, एखादी काडी शिरली तर तो ओढला जाऊन स्पोकमध्ये जातो. रोज कच्च्या रस्त्याने कामावर जाणाऱ्याने गिअर काढायचं ठरवलं तर मी त्याला अडवणार नाही. पण "चेन आखूड कर, झालं" हे मात्र साफ चूक आहे, आणि वर्दळीच्या रस्त्यावर धोक्याचंही.

या सल्ल्याला आधार दिला जातो तो दूधवाल्याच्या सायकलचा. तिला कुठे काय असतं? एक चेन, पुढे-मागे एकेक चक्र, आणि चिखलातून वर्षानुवर्षं चालते. अहो, पण त्या काळ्या सायकलचं मागचं चाक फ्रेमच्या ज्या खाचेत बसतं, ती खाच एकदा वाकून बघा. ती आडवी आणि लांब असते. नट सैल करायचे, चाक मागे ओढायचं, चेन हवी तेवढी ताणली की नट आवळायचे. आजच्या बहुतेक गिअरच्या सायकलींना ही खाच उभी असते. चाक एकाच जागी बसतं. मागे सरकवायला वावच नसतो. तिथे चेनचा ढिलेपणा ओढून धरतो तो डिरेलर. गिअर बदलणं हे त्याचं निम्मंच काम. तो काढला की चेन ताणून धरणारं कोणी उरत नाही. चेन तोडायची ती एकेका जोडाने, म्हणजे एकेक इंचाने. तुमच्या फ्रेमला नेमकी तेवढीच लांबी लागेल, हा योग क्वचितच जुळतो. एरवी चेन करकचून ताणते, नाहीतर लोंबते.

मागे सात चक्रं तशीच ठेवली तर आणखी पंचाईत. शिमानो या जपानी कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस हायपरग्लाइड रचना आणली, आणि तेव्हापासून या चक्रांचे दात मुद्दाम असे घडवले जातात की चेन शेजारच्या मोठ्या चक्रावर अलगद चढावी. चेन जरा तिरकी असली की पायडल मारता मारता ती वर चढते, मग लांबी अपुरी पडते आणि सगळं जखडतं. सैल चेनचं दुखणं वेगळं. सिग्नल सुटल्यावर उभं राहून जोर लावावा, नेमकी तेव्हा चेन पडावी, पाय रिकामा खाली जावा आणि मागून बस यावी. हे सगळं ठाऊक असलेली माणसंही तो सल्ला देतात, तेव्हा राग येतो.

मग करायचं काय? उभ्या खाचेला चेन टेन्शनर लावायचा, म्हणजे स्प्रिंगचा एक हात आणि त्यावर छोटं चाक. जुना डिरेलरच स्क्रूने एका जागी पक्का करूनही काम भागतं, पण लोंबता भाग चिखलात तसाच राहतो. ती सोय तात्पुरतीच धरावी. मागे सातऐवजी एकाच चक्राचं फ्रीव्हील बसवा आणि पुढचं-मागचं चक्र पट्टी लावून एका रेषेत आणा. चेन किती ताणावी, यावर वाद होतात. अमेरिकेतले मेकॅनिक आणि लेखक शेल्डन ब्राऊन (१९४४–२००८) यांनी याचं कारण नीट समजावलं आहे: पुढचं चक्र अगदी काटेकोर केंद्रात नसतं, म्हणून क्रँक फिरवताना चेन कुठे घट्ट तर कुठे सैल होते. टेन्शनर असेल तर हा फरक स्प्रिंग सांभाळते. आडव्या खाचेत चाक ओढून ताण देत असाल, तर सर्वांत घट्ट जागीही चेन मधोमध बोटाने सेंटिमीटरभर हलली पाहिजे.

दातांचा हिशोब सोपा आहे. २६ इंची चाक, पुढे ३२ आणि मागे १६ दात असतील, तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ४ मीटर जाते. मिनिटाला ७० फेऱ्या मारल्या तर ताशी १७ किलोमीटर. चिखल जास्त असेल तर मागे १८ दातांचं घ्या.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

सिंगल स्पीड म्हणजे फिक्स्ड (चाकाबरोबर पायडल फिरतच राहणारी सायकल): नाही. फ्रीव्हील असेल तर पायडल थांबवूनही सायकल पुढे जात राहते.

गिअरशिवाय चढ चढवत नाही: टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलरला परवानगी नव्हती, तरी सायकलपटू आल्प्स ओलांडत होते. त्यांना कष्ट पडत, हे खरं.

गाडीचं जुनं ऑइल ओतलं की चेन टिकते: बाहेर राहिलेल्या तेलाला माती चिकटते. प्रत्येक रोलरवर एक थेंब पुरे. बाकीचं पुसून काढा.

एकच गिअर, मग चेन झिजत नाही: झिजते. नव्या चेनच्या २४ कड्या, पिनपासून पिनपर्यंत, १२ इंच भरतात. माप १२ पूर्णांक १/८ इंच झालं की चेन बदला.

वजन घटलं की वेग वाढतो: साधारण किलोभर कमी होतं. रोजच्या ये-जा करण्यात ते जाणवतही नाही.

रोज घाट चढायचा असेल, तर गिअर काढूच नका. डिरेलर धुऊन, वाळवून वापरा. रस्ता सपाट असेल आणि काढायचेच असतील, तर आधी मागची खाच आडवी आहे की उभी, ते स्वतः बघा. उभी असेल, तर टेन्शनर हातात आल्याशिवाय चेन कोणालाही तोडू देऊ नका.