सतरा आकडी संख्येचे कुळ

बँकेत उमेदीची वर्षे काढली की आकड्याकडे पाहण्याची नजर ठरून जाते. आकडा म्हणजे रक्कम. ती जमेची की नावेची आणि केवढी, एवढेच आपण पाहतो. पण संख्येला रकमेपलीकडे स्वभाव असतो, कुळही असते.

ही संख्या पाहा : १२३४५६७८९८७६५४३२१. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थाने आहेत, ही संख्या सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ या स्थानापर्यंत पोचते. ‘चिमा काय कामाची’ उलटसुलट सारखेच वाचता येते, तशीच हीसुद्धा. शिवाय ती पूर्ण वर्ग आहे. नऊ वेळा एक लिहा आणि १११११११११ ला त्याच संख्येने गुणा. गुणाकाराची प्रत्येक ओळ एक घर सरकते. मधल्या उभ्या रांगेत नऊ एक जमतात, म्हणून मधोमध नऊ. दहा एक घेतले तर तिथे दहा होतात, हातचा एक पुढे जातो आणि नक्षी विस्कटते : १२३४५६७९००९८७६५४३२१.

आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्येला ‘हर्षद’ म्हणतात, म्हणजे आनंद देणारी. तिचे मूळ अवयव तीनच : ३, ३७ आणि ३३३६६७.

हर्षद हे नाव ठेवले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. १९०५ साली डहाणूला जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण आणि १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तरकी. एकांच्या वर्गातून जन्मणाऱ्या या कुळाचे नावही त्यांनीच ठेवले : अद्भुत डेम्लो संख्या. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. जी.आय.पी. रेल्वेच्या त्या स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली होती.

पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातील खुर्ची नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. मास्तरांना निवृत्त होऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती. १९८६ मध्ये ते गेले.

‘याचा उपयोग काय?’ असे कुणी विचारतेच. आपण माणसांनाही रकमेसारखेच मोजतो : पगार किती, टक्के किती. कर्जाच्या अर्जावर तेवढे पुरते, हे मी जाणतो. घरातल्या मुलाला मात्र तेवढ्यावर जोखू नये. त्याचे वेड कशात आहे, हे ओळखायला सवड लागते, आणि ती सवड आपण देत नाही.

आज रविवार आहे. मुलांना कागद-पेन्सिल द्या. तीन एकांचा वर्ग १२३२१. तो हर्षद आहे. आठ एकांचा वर्ग १२३४५६७८७६५४३२१. त्यातील अंकांची बेरीज ६४, पण तो हर्षद नाही. का, ते त्यांना शोधू द्या. उत्तर लगेच सांगू नका.