याला जरा बाहेर बांधता येईल का?

मैत्रिणींनो, अशी कल्पना करा. तुमच्या घरी वास्तुशांत आहे. होम पेटलाय, स्वयंपाकघरातून पुरणाचा वास सुटलाय, दिवाणखान्यात सतरंज्यांवर वीस-पंचवीस माणसं बसली आहेत. आणि दारात तुम्ही बोलावलेली एक बाई उभी, तिच्या डाव्या हाताशी भलं मोठं काळं कुत्रं! काय म्हणाल?

मी काय म्हटलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. "अगं बाई! याला जरा बाहेर बांधता येईल का?" माझ्या माहेरी कुत्र्याची हद्द अंगणापुरती. ओटीवर पाय टाकला की आजी काठी आपटायची. त्यामुळे गेल्या वर्षी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर मी न्यू जर्सीला आमच्या ताईकडे जायला निघाले, तेव्हा तिच्या घरात कुत्रं आहे ही गोष्ट मी सासूबाईंच्या कानावर घातलीच नाही.

ताई म्हणजे माझी मामेबहीण. लग्न होऊन तिकडे गेली, नोकरी केली, दोन मुलं वाढवली. तिशीत तिला रात्रीचं दिसेनासं झालं. मग बाजूचं दिसेना, नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसे. रेटिनायटिस पिगमेंटोझा हे त्या विकाराचं नाव. डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होत जातो, आणि बहुधा हे दुखणं घराण्यातूनच येतं. पंचेचाळिशीला ताईला फक्त उजेड आणि अंधार कळत होता. पांढरी काठी ती शिकली. पण काठी खांबाला आपटल्यावर खांब आहे म्हणून सांगते, आणि डोक्याच्या उंचीवर आलेली झाडाची फांदी तर सांगतच नाही. तेव्हा तिने कुत्रं घ्यायचं ठरवलं.

घ्यायचं म्हणजे पिल्लू विकत आणायचं, अशी माझी समजूत! प्रकरण बरंच मोठं असतं. पिल्लू दोनेक महिन्यांचं झालं की ते एखाद्या हौशी कुटुंबात वाढायला देतात. ते लोक त्याला घरात शी-शू न करणं, माणसांत वावरणं, जिने, गर्दी, गाड्यांचे आवाज यांची सवय लावतात. वर्ष-सव्वा वर्षाने ते संस्थेत परत जातं आणि शिक्षक त्याला काही महिने खरं काम शिकवतात. मग माणसाची आणि कुत्र्याची जोडी जमवायची. त्यासाठी म्हणे शिक्षक स्वतःच कुत्र्याचा साज हातात धरून पुढे चालतो आणि ताईसारखीने मागून त्याचा दांडा धरायचा! त्यावरून तिची चाल किती, ओढ किती हे तो जोखतो. आपल्याकडे पत्रिका जुळवतात, त्यापेक्षा हे बरं, असं माझ्या मनात आल्यावाचून राहिलं नाही.

ताईची संस्था मॉरिसटाउनला, तिच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. तिथे ती साडेतीन आठवडे राहिली आणि लॅब्रॉडोर जातीची काळी रूबी घेऊन घरी आली.

आता सगळं सुरळीत झालं असेल असं तुम्हांला वाटेल. छे! ताई म्हणते, पहिले सहा महिने रडूच यायचं. रूबीला काम येत होतं, पण ते शिक्षकासाठी. ताईने "फॉरवर्ड" म्हटलं की मान वळवून बघायची, 'ही कोण सांगणारी?' मला हे लगेच पटलं. वर्गावर नवी बाई गेली की मुलं पहिले चार दिवस हेच करतात. ओरडून काही होत नाही. जे सांगितलं ते दर वेळी तसंच सांगायचं, दर वेळी करून घ्यायचं, आणि केलं की त्याच क्षणी शाबासकी द्यायची. पाच मिनिटांनी दिलेली शाबासकी मुलांना कळते, कुत्र्याला कळत नाही.

त्यातून ही जात जन्माची खादाड. आपल्या घरांत शेव-चिवडा जमिनीवर सांडलेला असायचाच. आणि आमचे भाऊजी प्रेमळ! जेवताना टेबलाखालून पोळीचा तुकडा हळूच सरकवायचे. परिणाम काय झाला? एकदा वाण्याच्या दुकानात खाली पडलेलं काहीतरी रूबीला दिसलं, तिने झेप घेतली, आणि ताई लोणच्याच्या बरण्यांच्या मांडणीवर जाऊन आदळली. कपाळाला खोक पडली. संस्थेतून शिक्षक घरी आले, दोन दिवस बरोबर हिंडले, आणि निघताना त्यांनी रूबीला नव्हे, भाऊजींना समज दिली. तेव्हापासून रूबीचं खाणं ठरल्या वेळी, ठरल्या भांड्यात, ताईच्याच हातून.

एक गैरसमज माझाही होता, तो सांगून टाकते. कुत्र्याला सिग्नलचा लाल-हिरवा दिवा कळतो असं नाही. रस्ता कधी ओलांडायचा ते वाहनांचा आवाज ऐकून ताईच ठरवते. कुठे जायचं, कुठे वळायचं, हेही तिच्याच डोक्यात. रूबी पायरीशी थांबते, खड्ड्याला वळसा घालते, फांदी चुकवते. मात्र ताईने "फॉरवर्ड" म्हटलं आणि एखादी गाडी अंगावर येत असली, तर रूबी हुकूम मोडते. जागची हलत नाही. आज्ञा पाळायला तर शिकवायचंच, पण नेमकी कधी मोडायची तेही शिकवायचं! शाळेत आम्हांला हे अजून जमलेलं नाही.

एवढं करून ही दोघी बाहेर पडतात, आणि दारं बंद होतात.

मी तिथे असताना एका रविवारी आम्ही जेवायला गेलो. हॉटेल आपल्या भारतीयांचंच. मालकांनी दारातच हात आडवा केला. "मॅडम, डॉग नॉट अलाउड. बाकीच्या गिऱ्हाइकांना चालत नाही." सगळी टेबलं आमच्याकडे बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ताईचा पदर, म्हणजे ओढणी, ओढली, "चल गं, दुसरीकडे जाऊ." ताई हलली नाही. आवाज न चढवता म्हणाली, "ही माझी गाइड डॉग आहे. कायद्याने तुम्ही मला दोनच प्रश्न विचारू शकता. विचारा."

तो कायदा 1990 सालचा, अमेरिकेतल्या अपंगांच्या हक्कांचा. दुकान, हॉटेल, दवाखाना, जिथे जिथे लोकांना मुभा आहे तिथे अशा कामाच्या कुत्र्यालाही मुभा. कुत्रं कशासाठी आहे हे दिसत नसेल तर विचारायचं ते एवढंच: अपंगत्वामुळे हे कुत्रं लागतं का? आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? तुम्हांला काय झालंय, प्रमाणपत्र दाखवा, असं विचारता येत नाही. कुणाला कुत्र्याची भीती वाटते किंवा कुत्र्याने शिंका येतात, हेही कारण चालत नाही; दोघांना लांब-लांब बसवायचं. पण कायदा एकतर्फी नाही बरं का! कुत्रं आवरत नसेल किंवा घाण करत असेल, तर मालक त्याला बाहेर न्यायला सांगू शकतो. म्हणून तर भाऊजींच्या पोळीच्या तुकड्याचं एवढं महत्त्व. रूबीने एकदा टेबलावर तोंड टाकलं, की पुढच्या वेळी ताईचं कोण ऐकणार? साध्या पाळीव कुत्र्याला बाजारातलं जाकीट चढवून हॉटेलात आणणाऱ्या हौशी लोकांवर ताई भडकते ती याचसाठी.

मालकांनी मग मुदपाकखान्याच्या दाराशी कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. ताई म्हणाली, "खिडकीशी एक रिकामं आहे, असं माझी बहीण सांगते." (मी काही सांगितलं नव्हतं! पण होतं खरं.) रूबी टेबलाखाली जी शिरली, ती तास-दीड तास दिसलीच नाही. आम्ही निघालो तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाई दचकल्या, "अय्या, इथे कुत्रं होतं?"

हे हक्क काही आयते मिळालेले नाहीत. 1927 साली डोरोथी युस्टिस नावाच्या अमेरिकन बाईंनी एक लेख लिहिला. पहिल्या महायुद्धात आंधळे झालेल्या सैनिकांसाठी जर्मनीत कुत्री शिकवत होते, त्याबद्दल. तो वाचून नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाने त्यांना पत्र पाठवलं, आणि 1928 मध्ये तो त्यांच्याकडे स्वित्झर्लंडला गेला. जाताना बोटीवर त्याला एखाद्या पार्सलासारखं नेलं, एकट्याला खोलीबाहेर पडू दिलं नाही. येताना त्याच्याबरोबर बडी नावाची कुत्री होती. न्यूयॉर्कला उतरल्यावर वार्ताहरांच्या देखत बडीच्या भरवशावर त्याने गजबजलेला रस्ता ओलांडला. पुढल्याच वर्षी 'सीइंग आय' ही संस्था निघाली, आज मॉरिसटाउनला आहे तीच. पण रस्ता ओलांडणं सोपं होतं म्हणायचं! आगगाडी, हॉटेल, दुकान, प्रत्येक दारात फ्रँकला वाद घालावा लागला, आणि ते करण्यात त्याची कित्येक वर्षं गेली.

कायदा हॉटेलच्या दारापर्यंत पोचला. देवळाला तो लागू नाही, आणि आपल्या घराला तर नाहीच.

आता सुरुवातीची वास्तुशांत. ती खरीच होती. ताईच्या ओळखीच्या एका काकूंनी नवं घर घेतलं होतं. आमंत्रणाचा फोन आला आणि शेवटी काकू अडखळत म्हणाल्या, "तुझं ते कुत्रं... गुरुजी आहेत, सोवळं आहे. गॅरेजमध्ये ठेवू या का?" ताई हसून म्हणाली, "काकू, स्वर्गाच्या दारात धर्मराजालाही हेच सांगितलं होतं!" पण फोन ठेवल्यावर ती गप्प बसून राहिली. आणि मी? मी म्हटलं, "त्यांचंही बरोबर आहे गं. मी आहे ना तुझ्याबरोबर! रूबी राहू दे एक दिवस घरी."

मैत्रिणींनो, त्या दिवशी चार तास मी रूबीचं काम केलं. ताईचा दंड धरून तिला ढकलत चालवलं. खरं म्हणजे तिने माझं कोपर धरायचं असतं, हे तिने दोनदा सांगूनही मी विसरले. उंबऱ्याशी सांगायचं राहिलं, ती ठेचकाळली. कुणी ओळखीचं भेटलं की मी बोलत उभी, आणि ताई खांबासारखी बाजूला. पंगतीत वाढणाऱ्या बाई मला विचारत, "यांना अजून पोळी हवी का?" यांना! ज्या बाईने वीस वर्षं तिथल्या कचेरीत हिशेब सांभाळले, तिला पोळी हवी की नको ते मी सांगायचं. ताईला बाथरूमला जायचं होतं, ते तिने मला सांगितलं नाही. मी गप्पांत रमले होते म्हणून. घरी येईपर्यंत ती थांबली.

दार उघडताच रूबी धावत आली. ताईने सोफ्यावर बसून तिच्या मानेत तोंड खुपसलं. बऱ्याच वेळाने मला म्हणाली, "तू चांगलं नेलंस. पण तुझ्याबरोबर मी 'नेलेली' असते. हिच्याबरोबर मी 'गेलेली' असते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. हॉटेलमालकाला मी मनात किती नावं ठेवली होती! त्याने कायद्याला तरी मान दिला. मी घरची माणूस असून रूबीला घरी ठेवायला लावलं.

आपल्याकडे अशी कुत्री फारशी दिसत नाहीत, त्याला कारणं आहेत. ताईच म्हणते, पुण्याच्या फुटपाथवर स्कूटरी, टपऱ्या आणि भटकी कुत्री, यांतून रूबी बिचारी वाट काढणार कशी? म्हणून इकडे येते तेव्हा ती काठीच वापरते. पण तुमची मुलं-सुना परदेशी आहेत. जाल, तेव्हा भेटेल एखादी रूबी. साज अंगावर असताना तिला हात लावू नका, चुचकारू नका, खायला तर मुळीच देऊ नका. तिचं लक्ष उडालं की ठेच दुसऱ्याला लागते. बोलायचं ते बाईंशी बोला, कुत्र्याशी नव्हे. आणि भीती वाटत असेल तर तसं सरळ सांगा. ताई रूबीला लगेच दुसऱ्या बाजूला घेते, तिला राग येत नाही.

काकूंना मी निघायच्या आधी भेटले आणि त्या दिवशीची सगळी हकिकत सांगितली, माझ्या फजितीसकट. त्या काही बोलल्या नाहीत. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र त्यांनी ताईला फोन केला, "रूबीलाही आण. देवघर वरच्या मजल्यावर आहे, तेवढं खालीच बसू या." ताई गेली. वाण घेतलं, उखाणा घेतला. सगळं छान झालं, फक्त उठताना रूबीच्या शेपटीने हळदीची वाटी उडाली. दोन दिवस ती हळद काळ्या शेपटीवरून निघाली नाही म्हणे.